उपासाची मासेमारी

मासा पाण्यात असतो आणि त्याला धरायला गळ लागतो, अशी माझी अकोल्यातली बाळबोध समजूत होती. लग्न होऊन मालवणच्या घरात आले तेव्हा कळलं, मासा टोपलीत असतो आणि त्याला धरायला घासाघीस करता यावी लागते. आता अमेरिकेत एडिसनला येऊन इतकी वर्षं झाल्यावर तिसरं ज्ञान झालंय: मासा एक्सेलमध्ये असतो. जानेवारीपासून नवरा त्याला तिथेच धरतोय.

बेत असा. एप्रिलमध्ये लेकीला स्प्रिंग ब्रेकची सुट्टी लागली की भाड्याने आरव्ही घ्यायची, साडेचारशेएक मैल दक्षिणेला नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅटरसला जायचं, गाडीतच राहायचं, गाडीतच शिजवायचं आणि वाळूत उभं राहून मासे मारायचे. मंडळी चार: नवरा, मी, लेक आणि मालवणहून आलेल्या सासूबाई. यातल्या एकानेही आजवर गळ टाकलेला नाही. नवऱ्याचं म्हणणं, मालवणच्या माणसाला ते शिकावं लागत नाही, रक्तात असतं. असेलही. पण त्याचं लहानपण मासळीबाजारात आईमागे पिशवी धरून उभं राहण्यात गेलं, ही माहिती खुद्द आईनेच पुरवलेली आहे.

जागा मात्र त्याने नामी शोधली आहे, हे मान्य करायला हवं. आउटर बँक्स म्हणजे मुख्य भूमीपासून सुटून समुद्रात शिरलेली वाळूच्या बेटांची बारीक पट्टी, आणि हॅटरस हे तिचं कोपर. उत्तरेचं थंड पाणी आणि दक्षिणेकडून येणारा उबदार गल्फ स्ट्रीम यांची गाठ याच कोपराशी पडते. त्या धुमश्चक्रीत आणि तिथल्या सरकत्या वाळूत इतकी जहाजं बुडाली की या पट्ट्याला अटलांटिकचं कब्रस्तान असंच नाव पडलं. तिथलं दीपगृह १८७० सालचं, जवळपास दोनशे फूट उंच. समुद्र पायथ्याशी येऊन ठेपला तेव्हा १९९९ मध्ये ते अख्खंच्या अख्खं उचललं आणि रुळांवरून अर्ध्या मैलाहून अधिक आत सरकवलं. हे ऐकून सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘आणि आमका तुळस हलवूक मुहूर्त लागता.’’

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मासा रेड ड्रम. तांबूस रंग, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका. नॉर्थ कॅरोलिनाचा हा खाऱ्या पाण्यातला राज्यमासा. याचा जागतिक विक्रमही हॅटरस बेटावरच्याच एव्हन गावचा: १९८४ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर ९४ पौंडांहून जड, म्हणजे जवळपास ४३ किलोंचा ड्रम गळाला लागला होता. वसंतात पाणी साधारण पंधरा अंशांच्या पुढे तापलं आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की हे मासे झुंडीने किनाऱ्याजवळ येतात. ईशान्येचा वारा सुटला की पाणी गार आणि मासे पसार. थोडक्यात, या मोहिमेचा खरा मालक वारा. पण एक्सेलमध्ये वाऱ्याला रकाना नाही, कारण त्याचं आगाऊ बुकिंग होत नाही.

या माशाचा फोटो सासूबाईंना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला, फोन जवळ धरला, लांब धरला आणि निकाल दिला, ‘‘घोळीचो चुलतभाव मां हो!’’ नवरा हसला. मग त्याने शोधलं आणि हसायचा थांबला. घोळ, ढोमा आणि हा रेड ड्रम एकाच कुळातले निघाले. सगळेच पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोल वाजवणारे. फरक एवढाच की घोळीची ती पिशवी, जिला कोळी भोत म्हणतात, ती सोन्याच्या भावाने जाते. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका होडीला दीडशेहून जास्त घोळ सापडले आणि सव्वा कोटीच्या वर रुपये मिळाले. आमच्या मोहिमेचं अर्थकारण याच्या बरोबर उलट दिशेला जातं. तो रकाना मी पाहिला आहे. त्यानंतर मी पुन्हा पाहिलेला नाही.

तारीख ठरवणं हे सर्वांत अवघड निघालं. शाळेची सुट्टी एका बाजूला, कॅम्पग्राउंडमधल्या मोकळ्या जागा दुसऱ्या, आरव्हीचा दर तिसऱ्या. या तिन्हींचा मेळ नवऱ्याने रात्री जागून घातला आणि सकाळी विजयी मुद्रेने चार दिवस जाहीर केले. सासूबाईंनी शांतपणे बॅगेतून कालनिर्णय काढलं. त्या चारांतला एक सोमवार, तो त्या करतात. एक शनिवार, तोही करतात. उरलेल्या दोहोंत हनुमान जयंती. राहता राहिला एक दिवस, आणि त्या दिवशी आम्ही परतीच्या वाटेवर. म्हणजे मासे धरायला जायचं, आणि खायला दिवस नाही.

नवऱ्याने पौर्णिमेचा मुद्दा काढला. पौर्णिमेला उधाण, उधाणाला पाणी जास्त हलतं, पाणी हललं की मासा खातो. सासूबाईंना हे नव्याने कळण्यासारखं नव्हतंच. त्यांनी लगेच बोटांवर हिशेब सुरू केला. कोकणात भरतीची वेळ काढायची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. दशमी असेल तर दाही पाऊणे साडेसात. साडेसातला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. मी शाळेत पावकी-निमकीपर्यंत येऊन पोचले होते. पाऊणकी समुद्रासाठी बनवली असावी असा संशय मला अकोल्यात कधी आला नव्हता. नवऱ्याने नोआचं, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र-हवामान खात्याचं, भरतीचं वेळापत्रक उघडलं. आकडे काही केल्या जुळेनात. त्याला आनंद झाला. पण सासूबाई डगमगल्या नाहीत. ‘‘प्रत्येक बंदराचा घड्याळ वेगळा,’’ म्हणाल्या, ‘‘एका दिवसाचो फरक काढ आणि तोच पुढे लाव.’’ लावला. पुढचे दिवस पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात बसले. लेकीने तेव्हापासून आजीला ‘नोआजी’ म्हणायला सुरुवात केली आहे.

मग परवान्याचं प्रकरण. नॉर्थ कॅरोलिनाच्या समुद्रात गळ टाकायला सोळा वर्षांवरच्या माणसाला परवाना लागतो. तो घरबसल्या मिळतो, त्याची तक्रार नाही. पण परवान्याबरोबर नियमही येतात. रेड ड्रम ठेवायचा तर तो १८ ते २७ इंचांच्याच मधला हवा, आणि माणशी दिवसाला एकच. लहान असेल तर सोडा. मोठा असेल तरी सोडा. मोठा मासा हा अंडी घालणारा, पुढची पैदास त्याच्यावर, म्हणून तो पुन्हा पाण्यात. आणि वसंतात हॅटरसच्या टोकाला लोक ज्याच्या मागे येतात तो नेमका मोठाच असतो. चाळीस-चाळीस इंचांचा. म्हणजे नऊ-दहा तास गाडी हाकायची, थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, नशीब जोरावर असेल तर हातभर मासा ओढून आणायचा, फोटो काढायचा आणि ‘येतो हां’ म्हणून त्याला परत पाठवायचं.

सासूबाईंनी हे दोनदा समजावून घेतलं. ‘‘सोडूचोच आसा, तर जातंस कित्याक?’’ याला नवऱ्यापाशी उत्तर नव्हतं. पण थोड्या वेळाने त्यांनाच एक गोष्ट उमगली. सोडूनच द्यायचा असेल, तर सोमवार काय आणि हनुमान जयंती काय! धरायला दोष नाही, खायला दोष आहे. अमेरिकेने उपासाची मासेमारी शोधून काढली आहे, असं म्हणत त्यांनी कालनिर्णय मिटलं आणि तारखा मंजूर झाल्या.

गाडीबद्दल थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगण्यासारखं जे आहे ते जेवणाच्या वेळी सांगू नये. आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन-रूम किचन. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना असतो, तो लेकीने आधीच अडवला. जेवायचं टेबल रात्री मोडून पलंग होतो. सिंकचं आणि अंघोळीचं पाणी ग्रे टँकमध्ये साठतं. उरलेलं ब्लॅक टँकमध्ये. टाकी भरली की डंप स्टेशनवर जाऊन जाड नळी जोडायची आणि झडप उघडायची. आधी काळी टाकी, मग करडी, म्हणजे करड्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे सगळं नवऱ्याने व्हिडिओ पाहून पाठ केलं आहे. एक्सेलमध्ये या कामासमोर जबाबदार व्यक्ती म्हणून ‘सर्व’ असं लिहिलेलं मी पाहिलं आणि तिथल्या तिथे दुरुस्त केलं. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता: संडास आणि गॅस यांच्यामध्ये एवढीच भिंत असताना देव कुठे ठेवायचे? देव डॅशबोर्डवर जातील असं ठरलं. तिथून त्यांना रस्ताही दिसेल.

रस्त्यातही प्रकरणं आहेत. चेसापीक उपसागराच्या तोंडावर साडेसतरा मैलांचा पूल आहे, १९६४ सालचा. तो मध्येच दोनदा पाण्याखाली जातो, म्हणजे बोगदा होतो, आणि वर येतो, म्हणजे पुन्हा पूल होतो. बोगद्यासाठी गाडीतल्या प्रोपेनची टाकी बंद करावी लागते आणि वारा फार वाढला तर उंच गाड्यांना अडवतात. पुढे किल डेव्हिल हिल्स, जिथे राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडवलं. तिथे थांबायचं म्हटल्याबरोबर महाराष्ट्र मंडळातले एक काका फोनवर उसळलेच: मुंबईच्या तळपद्यांनी १८९५ मध्येच चौपाटीवर विमान उडवलं होतं! पुरावा विचारला की काका वडापावाच्या दर्जावर येतात.

आणि एवढी गाडी घेऊनही शेवटी चालायचंच आहे. कारण आरव्ही वाळूत न्यायचीच नाही. टोकापर्यंत जायला फोर-व्हील ड्राइव्ह गाडी लागते, वेगळा परवाना लागतो, फावडं आणि जॅक बरोबर ठेवावा लागतो, टायरमधली हवा कमी करावी लागते. आम्ही पायी जाणार. तेरा फुटी गळकाठ्या, आठ औंसांची शिशाची वजनं, बर्फाची पेटी, खुर्च्या आणि सासूबाई.

त्या काठ्या आल्या तेव्हाची गंमत. तेरा फूट म्हणजे किती, हे काठी जोडल्यावर कळतं. बूड स्वयंपाकघरात आणि टोक जिन्याच्या पाचव्या पायरीवर. जेवणाच्या टेबलावर नवरा रिग बांधायला बसला: सरकती नळी, तिला वजन, मग मणी, मग फिरकी, तिला वीतभर जाड नायलॉन आणि टोकाला गोल आकडा. नायलॉनची गाठ घट्ट करण्याआधी ओली करावी लागते, नाहीतर घर्षणाने ती कमजोर होते. नवरा गाठ जिभेने ओली करी, ओढी आणि ती सुटे. व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाही, पुन्हा सुटे. सासूबाई बाजूला शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पुसले, आकडा डाव्या चिमटीत धरला, दोरा त्याच्या दांड्यावर अंगठ्याने दाबत सहा-सात वेढे घेतले, टोक आतून काढलं आणि दातात धरून खेचलं. तो आकडा आता ट्रॅक्टर ओढेल. अबोलीचे वळेसर बांधणारी बोटं ती. त्यांना फुलाऐवजी आकडा दिला एवढंच. संध्याकाळपर्यंत टेबलावर ओळीने आकडे तयार होते, आणि नवरा शेंगा सोलत होता.

खरा तंटा झाला तो आमिषावरून. रेड ड्रमला मुलेटचे तुकडे लावतात. मुलेट म्हणजे आपली बोय. नवऱ्याने कोरियन दुकानातून चांगल्या ताज्या फडफडीत आणल्या, साफ केल्या, पिशवीत भरून फ्रीजरमध्ये इडलीच्या पिठाशेजारी ठेवल्या. सासूबाईंनी पिशवी उघडून पाहिली. वास घेतला. कल्ला उचलून पाहिला. जो मासा आपण खाणार नाही त्याला घालण्यासाठी खायचा मासा न्यायचा, हे त्यांच्या साठ वर्षांच्या अनुभवात बसेना. माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘काय गो, ह्याका कोणी शिकवलान?’’ मी अकोल्याची म्हणून तटस्थ राहिले.

निघायला आता दोन दिवस आहेत. आज सकाळी नवऱ्याने यादी हातात घेऊन एकेक गोष्टीवर खूण करायला सुरुवात केली. काठ्या, आकडे, परवाने, बॅटऱ्या, जंतुनाशक, रबरी हातमोजे, तेही त्याच्याच मापाचे. मग फ्रीजर उघडला. इडलीचं पीठ होतं. शेजारी काही नव्हतं.

‘‘आये, बोय खंय गेली?’’

‘‘परवा रात्री दोनदा मागून खाल्लंस, तां काय होतां?’’

तो थोडा वेळ फ्रीजरचं दार उघडं धरून उभा राहिला. मग लॅपटॉपपाशी गेला आणि आमिषाच्या ओळीत लिहिलं, ‘तिकडे गेल्यावर विकत घेणे.’ माझ्याकडे वळून हळूच विचारलं, तिरफळं घातली होती का त्यात.