दोन्ही पक्ष हजर

नागरी कर्तव्याची जाणीव माणसाच्या डोक्यात उगवते असं म्हणतात. माझ्या बाबतीत ती कमरेतून वर चढली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. त्याला ना पाटी, ना पांढरे पट्टे. नुसता डांबराचा उंचवटा. स्कूटर त्यावर चढली की आधी पुढचं चाक उडतं, मग मागचं आणि सगळ्यात शेवटी मी. एका सकाळी डिकीत मटकीच्या उसळीचा डबा होता. ऑफिसात पोचून डिकी उघडली तेव्हा डबा रिकामा होता आणि पीयूसीच्या कागदावर तर्री आली होती. विम्याच्या पाकिटात दोन-चार मटक्याही आश्रयाला गेलेल्या.

त्या दिवशी मी कँटीनचा वडापाव खाल्ला आणि महापालिकेला जाब विचारायचं ठरवलं.

मी हिशेबखात्यातली बाई. पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. इंडियन रोड्स काँग्रेस नावाच्या संस्थेने गतिरोधकांचे नियम १९८८ सालीच छापून ठेवलेत, हे मला तेव्हा कळलं. गोलाईदार गतिरोधक ३.७ मीटर रुंद हवा, मधोमध १० सेंटिमीटर उंच. त्यावरून ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला त्रास होऊ नये. म्हणजे गतिरोधकाने वेग कमी करायचा असतो, माणूस नव्हे. मग आमच्या उंचवट्याची मोजणी करणं आलं. रहदारी नको म्हणून उजाडायच्या आत निघालो. नवऱ्याच्या हातात माझा शिवणकामाचा टेप. तो जेमतेम दीड मीटरचा, पण गतिरोधकाची रुंदी मोजूनही निम्मा उरला. उंचीत मात्र पालिकेने हात आखडता घेतला नव्हता.

तेवढ्यात दूधवाला आला. त्याने टेप पाहिला, माझी वही पाहिली आणि काही न बोलता निघून गेला. आठ वाजेपर्यंत रस्ता रुंद होणार असल्याची बातमी गल्लीभर झाली होती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने बाहेर मांडलेली कांद्याची पोती आत ओढली आणि मला दुकानात बोलावून चहा पाजला. "ताई, आपलं किती जाणार?" असं हळूच विचारलं. मी म्हटलं, काहीच जाणार नाही. तसा तो आणखी घाबरला. ही बाई वरून आलीय, काही बोलत नाहीये, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

पहिली धाव अर्थातच नगरसेवकाकडे. पण ते दिवस प्रशासकाचे. राज्यातल्या कितीतरी महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. आमच्या साहेबांनी हात जोडले, "ताई, आपण आता माजी." त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या फ्लेक्सवर ते 'भावी' होते. माजी होते, भावी होते, वर्तमानात फक्त गतिरोधक होता.

राहिला माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, त्याच्या आधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदाही होता, अण्णा हजारेंच्या आंदोलनातून आलेला. एवढा इतिहास पाठीशी असताना १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायला मला अभिमानच वाटला. अडचण एकच, आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत बसवायचा असतो. १५० शब्दांत आमच्याकडे दुधाचा हिशेबही मिटत नाही. काटछाट करता करता उसळ गेली, कंबर गेली. शेवटी एवढंच उरलं : हा गतिरोधक असा का बांधला, आणि कोणाच्या डोक्यातून निघाला?

कायद्याने उत्तराला ३० दिवस दिलेत. त्यांनी त्यातला एकही वाया घालवला नाही. उत्तर आलं : "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." मी तडकले, पण हे त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. कायद्यात माहिती म्हणजे दप्तरात कागदावर असलेली गोष्ट. 'का' हे दप्तरात नसतं. तिथे आदेश असतो, अंदाजपत्रक असतं, बिल असतं. ते मागायचं असतं. हे मला त्याच कचेरीतल्या एका शिपाईमामांनी शिकवलं, आणि वर सांगितलं, "अर्जबिर्ज कशाला? सोमवारी या. तीन ते पाच. फाइल उघडून बघा."

हे खरं आहे, आणि कित्येकांना माहीत नसतं. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना दप्तर पाहायला मिळायला हवं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. अभिलेख कक्षातल्या मुलीने फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "काकू, पानं उलटताना बोटाला थुंकी नका लावू."

डावीकडे टिपण्या, उजवीकडे पत्रव्यवहार. टिपणी मी दोनदा वाचली. "नागरिकांच्या भावना तीव्र असल्याने वाहतूक शाखेच्या अभिप्रायाची वाट न पाहता, लगतच्या रस्त्याच्या कामातील शिल्लक डांबरातून गतिरोधक करून घेण्यास हरकत नाही." उरल्या डांबराचं थालीपीठ! सापडला चोर, असं म्हणत मी उजवीकडे वळले. कोण हे तीव्र भावनांचे नागरिक?

"आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी..." पहिली सही सोसायटीच्या सेक्रेटरींची. दुसरी डॉक्टरांची. तिसरी माझी. इतरांनी नुसत्या रेघोट्या ओढल्या होत्या. मी संपूर्ण नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल आणि समासात ठळक अक्षरांत शेरा : "काम आठ दिवसांत न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. लिफ्ट बंद पडली तरी निमूट चार जिने चढणारी मी, आंदोलन छेडणार होते! मग आठवलं. गणपतीची वर्गणी न्यायला पोरं आली होती. त्यांच्याजवळ दोन कागद होते. त्याच आठवड्यात सासूबाईंना एका मोटारसायकलवाल्याने घासून नेलं होतं, त्या रागात मी दुसऱ्या कागदावर पेन चालवलं.

माझा शेरा टिपणीत 'तीव्र' होऊन बसला होता. पालिका ऐकत नाही अशी ओरड मी इतकी वर्षं केली. हिने तर ऐकलं, आणि तेही आठ दिवसांच्या आत! खरं म्हणजे त्या अभियंत्याने मला तेव्हा ठणकावून 'नाही' म्हणायला हवं होतं. आधी वाहतूक शाखेचा अभिप्राय, मग माप, मग पाटी, मग डांबर. पण 'नाही' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची बदली व्हावी म्हणून आपण लगेच सह्या गोळा करतो. त्या यादीतही मी तिसरी असते.

तरी मी माघार घेतली नाही. गतिरोधक नियमाच्या मापाचा करा, असा रीतसर अर्ज दिला. पुढे कचेरीने जे केलं ते इतकं नियमाला धरून होतं की मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. एकाच दिवशी दोन लखोटे आले. पहिल्यात तक्रारदार म्हणून मला सुनावणीला बोलावलं होतं. दुसऱ्यात मूळ अर्जदार म्हणून मला कळवलं होतं की आपल्या मागणीवरून झालेल्या कामास एका महिलेने हरकत घेतली असून आपले म्हणणे मांडावे. नवऱ्याने दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली आणि विचारलं, "तू वकील कुठल्या बाजूने देणार आहेस?"

सुनावणीला सेक्रेटरी आले नाहीत, डॉक्टरांना पेशंट होते. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "दोन्ही पक्ष हजर?" मी हो म्हटलं. त्यांनी मान वर केली, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, फाइल पाहिली आणि पाणी मागवलं. मग सौम्य आवाजात म्हणाले, "बघा ना, आपसात काही मिटतंय का."

मिटलं नाही. आदेशात दोन्ही पक्षांचा मान राखला गेला. मूळ अर्जदाराचा गतिरोधक आहे तिथेच राहील आणि तक्रारदाराच्या समाधानासाठी त्याच्या अलीकडे नियमाच्या मापाचा दुसरा करण्यात येईल. त्याविरुद्ध फेरविचाराचा अर्ज मी भरला आहे. त्यात 'विरुद्ध पक्षाचे नाव व पत्ता' असा रकाना होता. मी पेन तसंच धरून बसलेली पाहून शिपाईमामा वाकले आणि म्हणाले, "तुमचंच टाका, मॅडम. पत्ता एकच आहे, एका पाकिटात जाईल."