दारू तीच, कायदे दोन

नारायणगावच्या द्राक्षाचा रस आंबवला की वाइन होते. पश्चिमेला डोंगरात, ओढ्याकाठी काळा गूळ आंबवून उकळला की गुन्हा होतो. मधे अंतर दोनेक तासांच्या एसटीचं.

चढते ती दोन्हीकडची सारखीच.

1980च्या दशकात नारायणगावात फेसाळती वाइन तयार होऊ लागली, परदेशी गेली, जुन्नर तालुक्याची मान उंचावली. 2001 साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केलं. जानेवारी 2022 मध्ये ती सुपरमार्केटात ठेवायलाही मंत्रिमंडळाने मान्यता दिली. बागायतदाराचं भलं होत असेल तर होऊ दे, माझी तक्रार नाही. पण मग मोह वेचणाऱ्या बाईचं भलं कोणत्या धोरणात बसतं?

माळशेज उतरा, मुरबाड लागतं. तो जुना ठाणे जिल्हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहाच्या फुलांसाठी इंग्रजांनी 1892 साली खास कायदा केला. आदिवासी घरी गाळून प्यायला तर सरकारमान्य दारू कोण घेणार आणि अबकारी कोण भरणार? प्रश्न तिजोरीचा होता, लोकांच्या तब्येतीचा नव्हता. इंग्रज 1947 साली गेले. मोहाची फुलं वेचायची, साठवायची, न्यायची बंधनं महाराष्ट्र सरकारने उठवली 2021 साली.

चौऱ्याहत्तर वर्षं लागली. एका फुलाला!

दारूबंदीचा 1949चा कायदा आजही लागू आहे. त्यातून सुटायला परवाना लागतो, आणि तो शहरातल्या गिऱ्हाइकाला दुकानातच मिळतो. पाड्यावरच्या माणसाला काय मिळतं? दारू गाळल्या-विकल्याचं कलम 65. पोलीस ठाण्यात ‘पासष्ट ई’ एवढंच म्हणतात, पुढचं सगळ्यांना पाठ असतं. नाव दोन-चारदा चढलं की 1981चा एमपीडीए, म्हणजे हातभट्टीवाल्यांनाही लागू होणारा स्थानबद्धतेचा कायदा, आहेच. जिल्हाधिकाऱ्याच्या सहीने माणूस स्थानबद्ध, सरकारने ते कायम केलं तर वर्षभरापर्यंत. त्यासाठी खटला चालावा लागत नाही.

सुरुवात एका सहीने.

अमेरिकेत हेच झालं. 1986च्या कायद्याने 500 ग्रॅम कोकेन पावडरीला जी किमान पाच वर्षांची सजा, तीच 5 ग्रॅम क्रॅकला ठेवली. पदार्थ एकच. पावडर पैसेवाल्यांच्या पार्टीत, क्रॅक गरीब काळ्या वस्तीत. शंभराला एक हे प्रमाण अठराला एकवर यायला 2010 उजाडलं. ओबामांनी आपल्या कारकिर्दीत 1,715 जणांच्या शिक्षा कमी केल्या. राष्ट्राध्यक्षाच्या सहीने माणसं घरी आली हे खरं. पण अशाच एका सहीने रेगन यांनी 1986चा तो कायदा लागू केला होता, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे कातडीचा रंग बघायची गरज पडत नाही, आडनाव आणि पाडा पुरतो. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो 1952 साली रद्द झाला. तुरुंगाच्या नियमावल्यांतली जात आणि विमुक्त जमातींवरचा शिक्का काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ऑक्टोबर 2024 मध्ये. कायदा मेला तरी पोलीस ठाण्याच्या वहीत तो जिवंत राहतो.

हातभट्टी चांगली, असं मी म्हणत नाही. तिने घरं बसली आहेत. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती बहुतेक गरीब घरांतली. बाया भट्टी फोडायला निघतात तेव्हा त्यांचंच बरोबर असतं. मला विचारायचंय एवढंच, की बंदी घालायचा अधिकार त्या बायांचा की साहेबांचा?

याचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली गावं राष्ट्रपतींच्या 1985च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. 1996चा पेसा कायदा सांगतो की अशा गावात दारू बंद करायची, तिच्यावर नियंत्रण ठेवायचं, तर ते ग्रामसभेने. राज्यघटनेची पाचवी अनुसूची राज्यपालांना त्याहून मोठा अधिकार देते. एखादा कायदा या क्षेत्राला लागू नको किंवा बदलून लागू करा, असं ते एका अधिसूचनेने सांगू शकतात. ही लेखणी चालते का? चालते. वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना अपिलाची वाट मिळावी म्हणून 2020 साली ती चालली. चांगलंच झालं.

मग दारूच्या कायद्यावर ती का टेकत नाही?

शेजारी बघा. मध्य प्रदेशात, छत्तीसगडात आदिवासीला घरच्यापुरती मोहाची दारू गाळायची मुभा आहे. गोव्याची फेणी 2009 पासून भौगोलिक मानांकन मिरवते. तिथे आभाळ कोसळलेलं ऐकलं नाही.

महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांना दारू पाजा, असं मागणं नाहीच. आंबेगावातल्या आहुप्याच्या बायांनी ग्रामसभेत हात वर करून गावात थेंबही नको म्हटलं, तर तसंच व्हावं. देवाच्या कार्यापुरती चालेल म्हटलं, तर तसं. त्या ठरावापुढे ठाणेदारानेही थांबावं आणि भट्टीच्या मालकानेही.

छाप्याचा पंचनामा होतो, रसायन नष्ट होतं, मुद्देमालाची यादी होते, पंचांच्या सह्या होतात. आहुप्यापासून घाटघरापर्यंत अशा किती कागदांना ग्रामसभेचा ठराव जोडलेला आहे?