नवा स्कॉलर

सातारा-सांगलीकडं पीएचडीला नुकताच लागलेला मुलगा ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. कराडच्या एसटी स्टँडवर एखादा तरुण गर्दीत शिरताना बॅग सोडून शर्टाच्या खिशावर हात दाबून धरत असेल, तर तो हाच. कंडक्टरला वाटतं, पोरगं पैसे जपतंय. पैसे नसतातच. खिशात रुमालात गुंडाळलेली बारकी कुपी असते आणि कुपीत चिमूटभर पावडर. हे त्याचं सॅम्पल. ते तपासायला कोल्हापूरला विद्यापीठात निघालेलं असतं आणि त्याच्यापेक्षा जास्त काळजीनं प्रवास करत असतं.

दुसरी खूण हातांची. रसायनशास्त्रवाला असेल तर बोटांवर काळे-तपकिरी डाग दिसतात. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागून उजेडात आलं की असा डाग पडतो आणि साबणाला दाद देत नाही. मतदानाच्या शाईतही हेच असतं. त्यामुळं सुरुवातीला आमचा स्कॉलर दहाही बोटांनी मतदान करून आल्यासारखा दिसतो.

लॅबमध्ये येण्याआधी त्याचं एक आयुष्य झालेलं असतं. एम.एस्सी.ला तो पहिल्या तिघांत होता. 'पेट' पास झाल्यावर गावच्या चौकात मित्रांनी फ्लेक्स लावला. वर 'भावी डॉक्टर', मध्ये गॉगलमधला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची यादी; त्यातल्या निम्म्यांना पेट हे गाव आहे की परीक्षा, हे ठाऊक नाही. सांगलीकडचा असेल तर भडंग आणि साताऱ्याचा असेल तर कंदी पेढे घेऊन तो लॅबच्या दारात उभा राहतो. जगाला माहीत नसलेलं काहीतरी शोधायला तो आलेला असतो. पण लॅबमधल्या सगळ्यांना जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही, याची त्याला अजून कल्पना नसते.

उदाहरणार्थ, लॅबमध्ये चालतं कुणाचं? त्याला वाटतं, गाईडचं. गाईड विभागप्रमुख असतात, प्रवेश समितीवर असतात, परीक्षेच्या भरारी पथकात असतात. लॅबमध्ये ते अधूनमधून असतात. खरी सत्ता मामांची. लॅब अटेंडंट मामा सातवी शिकलेले, पण कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कंबरेला. मामांच्या खालोखाल ताई. ताई सिनियर आहेत, पाचव्या वर्षाला आहेत, त्यांना फक्त 'थीसिस कुठवर आली?' एवढं विचारायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही. नवा स्कॉलर तो पहिल्याच दिवशी मोडतो आणि आठवडाभर बीकर धूत बसतो.

विषय ठरलेला असतो, म्हणजे निम्मा. आपल्याकडं रसायन-पदार्थविज्ञानातल्या कितीतरी थीसिसांचं नाव 'सिंथेसिस अँड कॅरॅक्टरायझेशन ऑफ' असं सुरू होतं. तेवढं पक्कं, पुढं काय ते सर सांगतील. शोधगंगा उघडावी तर आपल्या मनातला विषय कुणीतरी आधीच करून, बांधून, जमा करून मोकळा झालेला. शेवटी सर विचारतात, "तुमच्याकडं काय पिकतं रे?"

"हळद आहे, सर. सांगलीचीच."

"मग झालं की! हळदीच्या अर्कानं चांदीचे नॅनोकण कर."

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिच्यावर आपण आणखी काय उपकार करणार, असा प्रश्न त्याला पडतो. पण सरांना प्रश्न विचारण्याइतका तो अजून रुळलेला नसतो.

सरांची भाषाही शिकावी लागते. 'छान' म्हणजे फाइल उघडलेली नाही. 'एकदा रिपीट कर' म्हणजे उघडली. 'बसून बोलू' म्हणजे या सेमिस्टरला नाही.

एवढ्यात नॅक येतं. नॅकच्या निकषांत एक संशोधनाचा. नव्या स्कॉलरला एक्सेल येतं ही बातमी तोवर फुटलेली असते. संशोधनाच्या निकषाची फाइल त्याच्याकडं येते आणि विभागात संशोधन किती जोमात चाललंय हे दाखवण्यासाठी त्याचं संशोधन दोन महिने बंद राहतं.

कर्मवीर अण्णांच्या साताऱ्यात 'कमवा आणि शिका' लहान पोरालाही पाठ. याच्या वाट्याला 'शिका, कमवायचं पुढं बघू' ही सुधारित आवृत्ती आलेली असते. जेआरएफ असलेला भाग्यवान. त्याला दरमहा ३७,००० रुपये मंजूर असतात. फक्त 'दरमहा' हा शब्द जरा सैल धरायचा. बाकीचे सकाळी अकरावीच्या क्लासवर शिकवतात आणि क्लोराइडची टेस्ट फळ्यावर लिहून देतात : सिल्व्हर नायट्रेट टाका, पांढरा साका येतो.

मग एकदाचा प्रयोग लागतो. पहिल्या दिवशी डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र लावून हा चहाला जातो. इकडं नळ जातो, यंत्र कोरडं पडतं, कॉइल जळते. आता शुद्ध पाणी कुठून आणणार? मामांना सांगायची छाती होत नाही. हळदीचा अर्क तयार आहे, सिल्व्हर नायट्रेट तोललेलं आहे. एका दिवसापुरतं साठवलेलं नळाचं पाणी घेतलं तर कुणाला कळतंय?

ताई म्हणाल्या होत्या, द्रावण पिवळं होईल, मग तपकिरी होईल आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर येईल. इथं चांदी टाकल्याक्षणी सगळं दुधासारखं फुटतं. त्याचे हात थरथरतात. असं काही आजवर कुठल्या पेपरात आलेलं नाही! फोटो निघतो, स्टेटसला लागतो, 'समथिंग न्यू लोडिंग'. गावाकडून अंगठे वर केलेल्यांची रांग लागते. सरांना फोन करावा की थेट पेटंटचंच बघावं, अशा विचारात असताना मामा फडकं घेऊन मागून येतात आणि नळीकडं बघतात.

"नळाचं पाणी घातलंस व्हय?"

नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं. सकाळीच क्लासवर शिकवून आलेला हा विद्वान नळीकडं बघत राहतो. मामा कॉइलचंही काही बोलत नाहीत, कपाटातून जुनी कॉइल काढून देतात. "ताई आल्या तवा दोन जाळल्या हुत्या," एवढंच म्हणतात. त्या संध्याकाळी चहाच्या वर्गणीत त्याचं नाव लिहिलं जातं. विद्यापीठाचं नोंदणीपत्र कधीच आलेलं असतं, पण लॅबमधली नोंदणी ही.

हळूहळू द्रावण पिवळं होतं, तपकिरी होतं, शिखर येतं. सॅम्पल खिशात बसून कोल्हापूरला जाऊन येतं. सर फाइल उघडून 'एकदा रिपीट कर' म्हणतात आणि त्याला बरं वाटतं.

त्यानंतर गावी गेला की त्याच्यातला फरक कळतो. पूर्वी कुणी 'काय करतोस?' विचारलं की तो सुरू व्हायचा : हरित संश्लेषण, पृष्ठभाग प्लाझ्मॉन अनुनाद. ऐकणारा उठून म्हशीला वैरण टाकायला जायचा. आता आजी विचारते,

"हळदीनं चांदी होती म्हणं?"

"होती की."

"किती तोळं?"

"तोळ्यात नाही गं. डोळ्याला दिसत नाही एवढी."

"आन् त्यात घालतूस काय?"

"हळदीचं पाणी. आणि चांदीचा क्षार. इकत आणायचा, बाटलीतनं."

आजी जरा विचार करते. "म्हंजी चांदीचीच चांदी केलीस."

सहा महिन्यांपूर्वी तो यावर तासभर बोलला असता. आता म्हणतो, "हो. पण बारीक केली."

"किती वर्सं लागत्यात?"

"नियमानं कमीत कमी तीन. जास्तीत जास्त सहा."

"मग घाई करू नगंस," आजी म्हणते, "बारीक दळायचं म्हंजी येळ जायाचाच."