डबेकाकांची मालगाडी

न्यू जर्सीतल्या मराठी घराची खरी ओळख तळघरात पटते. वर दिवाणखान्यात चांदीचा गणपती आणि फ्रेम केलेला पैठणीचा पदर. खाली कधीच न वापरलेली ट्रेडमिल, तिच्यावर वाळत घातलेले पंचे, तांदळाची पोती आणि मागच्या वर्षीचं मखर. आमच्या डबेकाकांच्या तळघरातही हे सगळं आहे, पण भिंतीला लावून रचलेलं. मधली अख्खी जागा रेल्वेची आहे.

रेल्वे म्हणजे लायोनेलची. १९००मध्ये न्यूयॉर्कात सुरू झालेल्या या कंपनीच्या गाड्या पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या घराघरांत नाताळच्या झाडाभोवती फिरत होत्या. दणकट माल, हातात घेतला की वजन जाणवतं. रूळ मात्र तीन. मधल्या रुळातून वीज येते. खऱ्या रेल्वेला असला मधला रूळ नसतो, म्हणून हुबेहूब आणि मापशीर प्रतिकृती करणारी मंडळी लायोनेलवाल्यांना जरा खालच्या पंगतीला बसवतात. ‘ते खेळण्यांशी खेळतात’ असं ते म्हणतात. काकांना हे अगदी मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की खेळण्याला किती मोजले ते आधी विचारा.

काकांचं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत गेलं. दारावरून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी मोजणं हा तिथल्या पोरांचा पहिला पाढा. लहानपणी खेळण्यातली गाडी मिळाली नाही म्हणून म्हातारपणी हौस फेडतोय, अशी करुण कहाणी त्यांच्याकडून ऐकायला मिळेल म्हणून मी एकदा विचारून पाहिलं. “मिळाली असती की,” काका म्हणाले. “वडील बारा आण्यांवर अडले, दुकानदार रुपयावर. दोघंही तत्त्वाचे.” या उत्तरात काकांचं सगळं कुळ-गोत्र आलं.

काका गाड्या जमवतात असा लोकांचा समज आहे. मला तो पटत नाही. काका भाव जमवतात, डबे ही त्या भावांची पावती. तुम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलात की पानं घेण्याआधी तळघराची वारी होते. फळीवरून एक डबा खाली येतो. हा कुठल्या रेल्वे कंपनीचा, याचा रंग असा का, हे ते सांगतील असं नवख्याला वाटतं. काका डबा तुमच्या हातात ठेवतात आणि विचारतात, “सांगा, केवढ्याला?”

इथे सांभाळून राहावं लागतं. एका नव्या जावयाने भाबडेपणाने “पाच डॉलर?” म्हटलं होतं, आणि डबा खरोखरच पाचाला घेतलेला होता. त्या दिवशी जेवणात श्रीखंड दुसऱ्यांदा फिरलं नाही. जाणकार पाहुणा आधी डबा उलटा करतो, चाकं बघतो, ओठ मुडपतो आणि म्हणतो, “चाळीसच्या खाली कोण देणार?” मग काका क्षणभर थांबतात. “आठ!” यावर सगळ्यांनी एका सुरात “काय सांगता!” म्हणायचं असतं. आमच्या सौ.ला आता इतकी सवय झाली आहे, की ती काकांनी आकडा सांगण्याआधीच म्हणून मोकळी होते.

आठ डॉलरला डबा मिळतो यामागे मोठं अर्थशास्त्र आहे, आणि काका ते बेसनाचा लाडू खाताखाता समजावतात. पन्नासच्या दशकात ज्या मुलांच्या घरी ही गाडी होती ती मोठी झाली, कमावती झाली आणि हरवलेलं बालपण परत विकत घ्यायला निघाली. तेव्हा भाव चढले. आता ती मुलं ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलांना तळघर रिकामं करायचंय आणि नातवंडांना फोनबाहेरचं काही फिरताना दिसत नाही. त्यामुळे बाजारात माल बक्कळ आणि गिऱ्हाईक म्हातारं. १९५३पासून निघालेली ६४६४ क्रमांकाची बंद डब्यांची मालिका एके काळी लोक जपून, कापडात गुंडाळून ठेवायचे. तिच्यातला साधासुधा डबा आता वीस-पंचवीस डॉलरांत सहज मिळतो. काका अर्थात वीस देत नाहीत.

शनिवारी सकाळी काका ‘इस्टेट सेल’ला निघतात. घरमालक वारलेला असतो किंवा वृद्धाश्रमात गेलेला, आणि घरातल्या चमच्यापासून पियानोपर्यंत सगळ्याला चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. इतर लोक दिवाणखान्यातून सुरुवात करतात. काका थेट तळघर गाठतात. पहिल्या दिवशी नुसतं हेरून यायचं, कारण शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी सगळं अर्ध्या किमतीत जातं. मधल्या रात्री त्यांना झोप नसते. एकदा तर ते एक मालडबा नाताळच्या गोळ्यांच्या खोक्यात, तळाशी, लपवून आले होते. दुसऱ्या दिवशी डबा खोक्यातच होता, पण गोळ्यांचं खोकंच कुणा बाईंनी नेलेलं. काकांनी त्या बाईंना मोटारीपाशी गाठलं आणि खोकं सबंध विकत घेतलं. काकूंच्या गणेशोत्सवाच्या सजावटीत तेव्हापासून दरवर्षी लाल-सोनेरी काचगोळे असतात.

पण खरी पंढरी यॉर्क. पेनसिल्व्हेनियातल्या या गावी जत्रेच्या मैदानावर दर एप्रिल-ऑक्टोबरात १९५४ साली स्थापन झालेल्या खेळण्यातल्या गाड्यांच्या संग्राहक संघटनेचा मेळा भरतो. मोठमोठे हॉल, त्यांना रंगांची नावं, आणि आत टेबलामागे टेबल. मेळा सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधी आसपासच्या हॉटेलांच्या आवारात जी अनौपचारिक देवघेव चालते तिला तिथे चक्क ‘बँडिट मीट’ म्हणतात. आयुष्यभर बँकेच्या संगणक विभागात इमानाने नोकरी केलेले आमचे काका वर्षातून दोनदा या दरोडेखोरांत सामील होतात. जाताना काकूंनी दिलेले थालीपीठ-दह्याचे डबे असतात. बाहेर खाणं महाग पडतं.

त्यांच्या कमरेच्या पाकिटात भिंग, छोटी बॅटरी, मऊ ब्रश आणि जांभळा उजेड टाकणारा एक दिवा असतो. या दिव्याखाली मूळ रंग आणि मागाहून मारलेला रंग वेगवेगळे दिसतात. टेबलावरच्या मांडलेल्या मालाकडे काका बघतसुद्धा नाहीत. त्यांची नजर टेबलाखाली जाते. तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यात ‘कुठलाही घ्या, पाच डॉलर’ असा गाळ पडलेला असतो. काका गुडघ्यावर बसतात आणि मंडईत भरल्या वांग्यांसाठी वांगी निवडावीत तसे डबे निवडू लागतात. चाक बोटाने फिरवून पाहायचं. जोडणीचा आकडा दाबून बघायचा, बंद होऊन तसाच राहतो की आपोआप उघडतो. डबा नाकाशी नेऊन वास घ्यायचा. ओलसर तळघराचा कुबट वास आला तर आत गंज आहे असं समजायचं आणि विक्रेत्याला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडायचा. हा सुस्कारा दीड डॉलरचा असतो.

मग घासाघीस. अमेरिकन विक्रेता म्हणतो, “तुम्हीच बोला.” तुळशीबागेत तयार झालेल्या माणसाला असं म्हणणं म्हणजे वाघाला गोठ्याची किल्ली देणं आहे, पण त्या बिचाऱ्याला ते कुठून माहीत असणार? काका बोलतच नाहीत. डबा खाली ठेवतात, पुन्हा उचलतात, दाराची फट दाखवतात, मान हलवतात. सहाव्या मिनिटाला विक्रेता स्वतःच आकडा खाली आणतो. शेवटच्या दिवशी दुपारी तर काकांची चांदी असते. जड खोकी पुन्हा गाडीत चढवायची कंबर कुणाकडेच उरलेली नसते, आणि काकांना हे नेमकं ठाऊक असतं, कारण त्यांची स्वतःचीही दुखत असते.

त्यांचा सगळ्यात लाडका डबा दूधवाल्याचा. लायोनेलने तो १९४७मध्ये काढला आणि तो तुफान खपला. पांढरा शीतडबा, शेजारी ठेवायला पत्र्याचा छोटा फलाट. खास रुळाच्या तुकड्यावर डबा उभा करून बटण दाबलं की दारं धाडकन उघडतात, पांढऱ्या कपड्यांतला माणूस बाहेर येतो आणि दुधाचा कॅन फलाटावर ढकलून आत जातो. पुन्हा बटण, पुन्हा कॅन. काकांचा दूधवाला मुळात मुका-बहिरा होऊन पडला होता, म्हणून नऊ डॉलरला आला. काकांनी तो तीन रविवार उघडून बसवला. आता तो काम करतो, पण जरा जास्तच जोरात. कॅन फलाट ओलांडून थेट सोफ्याखाली जातो. काकू झाडताना सापडेल तो कॅन तुळशीच्या कुंडीत ठेवतात, आणि काका तिथून गुपचूप काढून नेतात. या विषयावर दोघं आपापसात बोलत नाहीत.

काकांचं एक स्वप्न होतं. १९५७मध्ये लायोनेलने मुलींसाठी म्हणून एक गाडी काढली: गुलाबी इंजिन, फिक्या जांभळ्या, पिवळ्या, आकाशी रंगांचे डबे. मुलींनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांना भावासारखीच काळी गाडी हवी होती. माल पडून राहिला, काही दुकानदारांनी गुलाबी इंजिनं काळी रंगवून विकली असंही म्हणतात. आज तीच गाडी संग्राहकांच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या किमतीला जाते, म्हणून आता लोक काळी इंजिनं गुलाबी रंगवतात. असंच एक गुलाबी इंजिन काकांना यॉर्कमध्ये एका टेबलाखाली दिसलं. हात थरथरले. दिवा टाकला. नकली. दुसरा कुणी असता तर हळहळला असता. काकांनी विक्रेत्याला शांतपणे सांगितलं, की हे खोटं आहे, आणि खोट्याचा जो भाव चालतो त्यापेक्षाही तुमचा जास्त आहे. अर्ध्या तासाने ते इंजिन मिठाईच्या डब्यासारखं छातीशी धरून बाहेर आले. नकली मालावरही सूट मिळवणारा हा एकटाच माणूस माझ्या पाहण्यात आहे.

कुठलाही विषय काढा, काकांची गाडी याच रुळावर येते. मराठी मंडळात ट्रम्प यांच्यावरून वाद पेटला तेव्हा दोन्ही बाजूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, त्यांचे एके काळचे वकील रॉय कोन, म्हणजे लायोनेलच्या संस्थापकाचे पुतण्याच्या-भाच्याच्या नात्यातले. १९५९मध्ये कंपनी त्यांच्याच गटाच्या हातात गेली आणि मग काय झालं ते ऐका. वाद तिथेच विझला. दोन्ही बाजू चहाला गेल्या.

घरचा हिशेब मात्र वेगळा. काकांच्या वहीत चार रकाने आहेत: क्रमांक, सांगितले, दिले, वाचले. ‘वाचले’ची बेरीज दर पानाखाली लाल शाईत असते. पेट्रोल, टर्नपाइकचा टोल, संघटनेची वर्गणी, हॉटेल हे खर्च वहीत येत नाहीत, कारण काकांच्या मते ते प्रवासात मोडतात. काकूंनी एकदा वही शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “एवढे वाचलेत ना? मग ते ठेवलेत कुठे?” काका ताबडतोब खाली गेले. तेव्हापासून नवे डबे मेथीच्या जुडीखालून घरात येतात. काकूंना ते माहीत आहे. महिन्यातून पाच वेळा मेथी आणणारा नवरा ही काही लपणारी गोष्ट नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंनी फर्मान काढलं: एकासारखे एक जे डबे आहेत ते विका. काकांनी बाजू मांडली, की ते एकासारखे एक नाहीत. याचं दार वेगळ्या छटेचं आहे, त्याच्या अक्षरांचं वळण निराळं आहे. काकूंनी चार लाल डबे ओट्यावर ओळीने मांडले, जागा बदलल्या आणि म्हणाल्या, “ओळखा आता.” काका हरले. जवळच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये मेळा होता, तिथे पंचवीस डॉलर भाड्याने एक टेबल घेतलं. दोन खोकी भरून माल नेला. मदतीला मी.

असल्या मेळ्यात दारं उघडण्याआधी तासभर विक्रेते आपापसात फिरत असतात. हे मला नवीन होतं, काकांना नव्हतं. गिऱ्हाईक आत येईपर्यंत काकांनी शेजारच्या टेबलांवरून बरीच खरेदी उरकली होती. मग पहिलं गिऱ्हाईक आलं, तिशीतला एक तेलुगू मुलगा. त्याने एक तपकिरी डबा उचलला. काका म्हणाले, वीस. मुलगा विचारात पडला. आणि काकांना राहवलं नाही. “सांगा बरं, मी केवढ्याला घेतला असेल?” मुलगा म्हणाला, पंचवीस? काका खुशीत ओरडले, “सात!” मुलाने सात डॉलर काढून टेबलावर ठेवले. दिवसभर हेच चाललं. आमच्या टेबलाभोवती कायम गर्दी होती, कारण सगळ्या हॉलमध्ये खरेदीची किंमत जाहीर करणारा विक्रेता हा एकच. दुपारी दोनला सगळा माल संपला आणि काकांच्या खिशात बरोबर मुद्दल जमा झालं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने आवराआवर सुरू केली आणि कंबरेवर हात ठेवून सुस्कारा सोडला. काका उठलेच.

संध्याकाळी काकू गॅरेजच्या दारात उभ्या होत्या. मी गाडीतून खोकी उतरवू लागलो.

“जाताना दोन होती,” काकू म्हणाल्या. “ही तीन कशी?”

“तिसरं फुकट मिळालं,” काका म्हणाले.

“अख्खं खोकं? मालासकट?”

“नाही,” काका म्हणाले. “खोकं.”