बोगदा आणि सोयरीक

अहो, ऐकलंत का? या ना जरा भिंतीपाशी. मोठ्याने नको बोलायला, कोपऱ्यावरच्यांची बाल्कनी उघडी आहे आणि विषय त्यांचाच आहे. म्हणजे विषय तसा बोगद्याचा, पण आता दोन्ही एकच होऊन बसलंय. तोच तो, हेब्बाळ ते सिल्क बोर्ड, बेंगळुरूच्या पोटातून जाणारा, टोलवाला.

तुम्हाला आठवतंय ना, 2025 ची दिवाळी झाल्या झाल्या शिवकुमार काय बोलले ते? ते खासदार तेजस्वी सूर्या गेले होते त्यांच्याकडे, की बोगदा नको, मेट्रो वाढवा, बस वाढवा, लोकल आणा. चांगलं समोरासमोर बसून बोलणं झालं. आणि मग साहेब काय म्हणतात, तर लोकांनी गाडी घेऊ नये असं मी कसं सांगू, आजकाल गाडी नसलेल्या मुलाला मुलगी द्यायला लोक कचरतात! उपमुख्यमंत्री हो, बेंगळुरूचं खातं सांभाळणारे! सूर्यांनी लगेच टोमणा मारला, मला वाटत होतं बोगदा ट्रॅफिकसाठी आहे, आता कळलं की मुलांची लग्नं जमवायला आहे. अख्खं शहर हसलं. पण कोपऱ्यावरच्या काकू नाही हो हसल्या. मी तिथेच बसले होते, फराळाला बोलावलं होतं ना. हातातली चकली हातातच राहिली त्यांच्या. "बघा, आता सरकारसुद्धा तेच म्हणतंय," म्हणाल्या. मुलगा तेहतीस पूर्ण, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी, गुणाचा, आणि गाडी नाही. स्कूटर आहे. आणि स्कूटरला तर त्या बोगद्यात पाऊलही ठेवता येणार नाही, दुचाकी नाही नि रिक्षाही नाही. झालं, काकूंना इतक्या वर्षांचं कारण सापडलं.

थांबा, लग्नाचं सांगतेच, पण त्याआधी ते नाशिकचं सांगू दे, नाहीतर विसरेन.

आपल्या मागच्या गल्लीतल्या त्या नाशिकच्या वहिनी. कुठलाही विषय काढा, त्यांचं नाशिक येतंच. तर 2024 च्या डिसेंबरात ह्यांनी पेपर वाचता वाचता हाक मारली, अगं बघ, बोगद्याच्या प्रकल्प अहवालात नाशिक आणि मालेगाव आलंय! खरंच की! महापालिकेने साडेनऊ कोटी मोजून अहवाल करून घेतला, हेब्बाळचा नि मेखरी सर्कलचा ट्रॅफिक किती, वाढणार किती, आणि आत बघावं तर मालेगाव नि नाशिक! उचललं असेल कुठल्या तरी जुन्या अहवालातलं आणि दिलं चिकटवून, नावं बदलायचीसुद्धा तसदी घेतली नाही. सल्लागाराला 5 लाखांचा दंड झाला. साडेनऊ कोटींवर 5 लाख! आमची मोलकरीण कप फोडते तेव्हा ह्याहून जास्त ऐकून घेते. मी ते कौतुकाने वहिनींना सांगायला गेले, म्हटलं आता तरी गप्प बसतील. कसल्या बसतात! पदर सावरून म्हणतात, "म्हणजे बेंगळुरूवाल्यांनाही शेवटी नाशिककडूनच शिकावं लागलं." मी काय बोलणार, कपाळ?

तर काय सांगत होते... हां, टोल. पेपरात आकडा आला होता किलोमीटरला 19 रुपयांचा. आमच्या ह्यांनी कालनिर्णयाच्या मागे हिशेब मांडला. जवळजवळ 17 किलोमीटर, म्हणजे एका खेपेला सव्वातीनशेच्या घरात. जाऊन येऊन साडेसहाशे धरा, महिन्याला 22 दिवस ऑफिस धरा, 14 हजार! नुसतं जमिनीखालून जायचं भाडं, पेट्रोल वेगळं. आणि बांधणाऱ्याने आपले पैसे घालायचे, मग वर्षानुवर्षं टोल घेऊन वसूल करायचे, अशी ती योजना. सरकारचा अंदाज 17 हजार कोटींच्या वर, आणि टेंडर उघडलं तर सगळ्यात कमी बोली अदानींची, तीच 22 हजार कोटींच्या वर! ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, मी आपला बसने जाईन. जसं काही हे रोज हेब्बाळला जातात! हे रिटायर होऊन घरी बसलेत.

पण समोरच्या घरातली सून जाते ना रोज. मान्यता टेक पार्कला, अगदी त्या टोकाला. परवा तिच्या सासूबाईंकडे आम्ही चौघीजणी जमलो होतो, हळदीकुंकवाच्या सामानाची यादी करायला, आणि वरच्या मजल्यावरचा तो इंजिनिअर मुलगा पाणी आलं का विचारायला आला नि तिथेच टेकला. लागला सांगायला, की आयआयएस्सीचे ते आशिष वर्मा कधीपासून सांगतायत, रस्ता वाढवला की गाड्याच वाढतात, थोडे दिवस मोकळं वाटतं आणि मग पुन्हा होतं तेच. म्हणाला, बोगद्यातून भुर्रकन याल हो, पण बाहेर कुठे याल? त्याच सिल्क बोर्डला ना! सासूबाई मान डोलावतायत, बरोबर आहे, बरोबर आहे. तेवढ्यात सून आली ऑफिसातून. सव्वाआठ वाजलेले, खांद्यावर ती लॅपटॉपची बॅग, चप्पलसुद्धा काढली नव्हती. उंबऱ्यातच उभं राहून तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही एकदा संध्याकाळी सहाला मेखरी सर्कलला उभ्या राहा, मग ठरवू बोगदा हवा की नको. हेब्बाळला मेट्रो येईपर्यंत माझा मुलगा कॉलेजात जाईल." अहो, सासूबाईंचा चेहरा! आणि तो इंजिनिअर, पाणी आलं का ते न विचारताच वर गेला.

मला विचाराल तर मुलगी चुकीचं नाही बोलली. त्या लोकलचंच घ्या ना. जून 2022 मध्ये पंतप्रधान येऊन भूमिपूजन करून गेले, चाळीस वर्षांत झालं नाही ते चाळीस महिन्यांत करू म्हणाले. ते चाळीस महिने भरले की हो 2025 च्या ऑक्टोबरात! कुठे आहे गाडी? ह्या पक्षाला विचारा, तो त्या पक्षाकडे बोट दाखवतो, त्याला विचारा, तो ह्याच्याकडे. मग एखादीला वाटलं, टोल तर टोल, पण मूल झोपायच्या आत घरी पोचू दे, तर तिचं काय चुकलं? पण मग मी म्हणते, तिच्याच ऑफिसातल्या स्कूटरवाल्या मुलींनी काय करायचं? ह्या शहरात गाड्या कोटीच्या वर, आणि त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त दुचाक्याच. त्यांनी वरच उभं राहायचं.

आणि लालबाग! ते तर आपल्या उंबऱ्यावरचंच. बोगद्याच्या तोंडासाठी लालबागेची जागा लागणार म्हटल्यावर सकाळचे फिरायला जाणारे असे खवळले म्हणता! तो खडक आहे ना, केंपेगौडांचा बुरूज ज्याच्यावर आहे, तीन अब्ज वर्षांचा म्हणतात, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे ते. आम्ही तिथे बसून भडंग खातो ती गोष्ट वेगळी. शिवकुमार स्वतः आले लालबागेत फिरायला, लोकांशी बोलायला. पुढे म्हणाले, लालबागेला धक्का लावणार नाही, दुसरी जागा बघू. आमच्या वॉकिंग ग्रुपमधले ते बँकेतून रिटायर झालेले काका, निषेधाचा फलक धरून सगळ्यात पुढे होते. फलक कन्नडमध्ये, काकांना कन्नड वाचता येत नाही, उलटा धरला होता. कोणी सांगितलंसुद्धा नाही हो त्यांना!

काकांचं म्हणणं, बोगदासुद्धा बारगळेल, त्या स्टीलच्या फ्लायओव्हरसारखा. आठवतोय ना, बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ? 2016 मध्ये लोकांनी साखळी केली होती, 'स्टील फ्लायओव्हर बेडा', म्हणजे नको, म्हणून. आठशेच्या वर झाडं जाणार होती. मार्च 2017 मध्ये सरकारने गुंडाळला. मुख्यमंत्री तेव्हाही सिद्धरामय्याच, 2025 मध्येही तेच. सरकार तेच नि हेब्बाळही तेच, म्हणतात काका. मी म्हटलं, झाडं दिसतात तरी, लोक मिठी मारतात. जमिनीखालचं कोणाला दिसणार?

आमच्या नणंदबाईंचा फोन होता गिरगावातून, त्यांचं वेगळंच. "आमच्याकडे नाही बाई एवढा तमाशा. कोस्टल रोडचा बोगदा झाला, आता ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्हही खणायला घेतला." आणि वर, "कोस्टल रोडला टोलसुद्धा नाही हं." मी हळूच विचारलं, आणि भाचा जातो का त्यावरून, बाइकवर? गप्पच झाल्या. तिथेही दुचाकीला बंदीच ना! लगेच म्हणतात, दूध उतू जातंय, ठेवते.

हां, तर ते लग्न. कोपऱ्यावरच्या काकूंनी काय केलं असेल? गाडी बुक केली! मुलाला न विचारता, भिशी मोडून. कारण रविवारी पुण्याची पार्टी येणार होती बघायला. मी होते तिथे, पोहे मीच केले होते. पाहुणे बसतायत तोच काकूंनी सुरू केलं, गाडी घेतलीय हो नवीन, आता बोगदा झाला की काय, चिंताच नाही. मुलीचे वडील म्हणाले, म्हणजे ऑफिस बोगद्याच्या वाटेवर आहे वाटतं? आता बोगदा सिल्क बोर्डला संपतो आणि इलेक्ट्रॉनिक सिटी त्याच्याही पुढे! काकू नुसत्या चहा ढवळत राहिल्या, साखर घातलेलीच नव्हती. मग मुलगी पहिल्यांदा बोलली, "मेट्रो किती लांब आहे इथून?" आणि काय सांगू, आमचा मुखदुर्बळ मुलगा असा खुलला! आर. व्ही. रोड स्टेशन चालत गाठतो, ऑगस्ट 2025 मध्ये यलो लाइन सुरू झाल्यापासून स्कूटरही काढत नाही, सुरुवातीला 25-25 मिनिटांनी एक गाडी होती तरी तीच पकडायचो, ड्रायव्हरशिवाय चालू शकणारी गाडी आहे, बोम्मसंद्रापर्यंत जाते... थांबेचना. मुलगी हसत होती. मुलीची आई हसत होती. काकूंकडे मात्र बघवत नव्हतं, हप्ता आठवला असणार.

पसंती कळवलीय, सकाळीच. पण तुम्हाला बोलावलं ते ह्यासाठी नाही. ती पांढरी गाडी तुमच्या गेटसमोर उभी आहे ना, कोणाची कोणाची म्हणून विचारत होतात, ती हीच. त्यांच्या फाटकातून आत जात नाही, आणि मुलगा चालवत नाही. तुम्हीच सांगा त्यांना काढायला. मी सांगितलं असतं हो, पण आमची गाडी त्यांच्या गेटसमोर असते ना!