चिऊच्या घराचा ओतीव विचार

चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे शेणाचे, हे दुधाचे दात यायच्या आधीच मराठी मुलाच्या कानावर पडते. पण चिऊने एवढे मेण जमवले कशाला, हे कोणी विचारत नाही. प्रस्तुत अभ्यासकाने निरवांगीत, नीरेच्या काठी, यावर तीन दुपारी चिंतन केले. (त्यातील दोन झोपेत गेल्या.) चौथ्या दिवशी भाचीच्या अंगठीसाठी बारामतीला जावे लागले आणि संशोधनाला वळण लागले.

कारागिराच्या हातात अंगठी होती, पण निळी. मेणाची. रबराच्या साच्यात पातळ मेण दाबून भरायचे, निवू द्यायचे, मग अलगद सोडवून कडेचा पापुद्रा खरडायचा. "खरडायचं ते इथंच. मेणाचा भुगा फुंकरीनं जातो, सोन्याचा तोलून द्यावा लागतो." अशा बऱ्याच अंगठ्या मेणाच्याच दांड्याला फांद्यांसारख्या डकवल्या की त्याला झाड म्हणतात. झाडाभोवती प्लास्टर ओतायचे, ते घट्ट झाले की भट्टीत. मेण वितळून, जळून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत सोने शिरते.

"साचा लगेच का उघडत नाही?" आम्ही विचारले.

"गरम असताना काढली तर वाकते."

इथे आमच्या अंगावर काटा आला. बाहेर काऊ भिजत असताना चिऊ बाळाच्या अंघोळीच्या, पावडरीच्या सबबी सांगत दार उघडत नाही, यावरून तिला निष्ठुर ठरवणाऱ्यांनी आता माफी मागावी. तिचे मेण निवायचे होते!

ग्रंथाधारही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मेणावरून मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. (त्यातच उंदीर भाजण्याची कृतीही आहे; राजाला विषयाचे वावडे नव्हते.) मेणावर मातीचा पहिला लेप पातळ द्यावा, तो सावलीत वाळवावा, शेवटचा जाड द्यावा. चांदी मेणाच्या बारा पट घ्यावी, सोने सोळा पट. बारामतीचा कारागीरही आधी मेणच तोलतो. ग्रॅमभर मेणाला अठरा कॅरेटचे सोने साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास लागते. वरचे अर्धे राजाने घटीसाठी धरले असावे.

आता मुख्य प्रमेय. पारंपरिक ओतकामात मेणाभोवतीच्या मातीत शेण कालवतात. म्हणजे आत चिऊचा माल, बाहेर काऊचा. दोघे नुसते शेजारी नव्हते, ते भागीदार होते. पावसात काऊचे भांडवल वाहून गेले आणि धंदा बुडाला. भट्टीत मात्र हिशेब उलटतो: मेणाचे घर जाते, शेणाचे राहते. हा उत्तरार्ध आजीने का गाळला, ते कळत नाही. बहुधा आम्ही झोपलो असू.

भाचीची अंगठी आली. आतल्या बाजूला, भिंगाखाली, कोणाच्या तरी अंगठ्याच्या दोन पुसट रेषा दिसतात. मेणावर उमटलेले सोन्यात उतरतेच. त्या चिऊच्या असाव्यात असे आम्ही लिहूनही टाकले होते. पण चिमणीला अंगठा असतो तो पायाला, अशी हरकत भाचीने घेतली. तेवढा परिच्छेद मागे घेत आहोत.