देशपांडे नगरकरांसाठी मस्कीचा रॉड: पाठ पहिला

नातवंडं सांभाळायला सहा महिने अमेरिकेला निघालेल्या हुबळीच्या देशपांडे नगरातल्या सद्गृहस्थांसाठी हा पाठ आहे. मुक्काम मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनला असेल, तर जेट लॅग उतरायच्या आत जावई विचारणार, "बाबा, येताय का मस्कीला?" मस्की म्हणजे मस्केलंज. गोड्या पाण्यातला लांबडा, दातेरी, तापट मासा. विस्कॉन्सिनचा तर तो राज्यमासा आहे. "आम्ही मासे खात नाही" ही सबब तिथे चालत नाही, कारण बहुतेक मस्कीवालेही तो खात नाहीत. पकडतात, फोटो काढतात, पाण्यात सोडून देतात. मिनेसोटात तर ५४ इंचांहून आखूड मस्की ठेवून घ्यायला कायद्यानंच मनाई आहे. सोवळ्याचा प्रश्न मिटला. उरला रॉडचा.

पहिली सूचना: रॉड इथून नेऊ नका. तो साडेआठ ते साडेनऊ फूट असतो. रिक्षात घातला तर दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, आणि कोप्पीकर रोडवर संध्याकाळी सहाला त्यानं काय काय होईल ते हुबळीकरांना सांगायला नको. तिकडेच घ्या. पैसे जावयाला देऊ द्या.

दुसरी सूचना: मासा विसरा. नवशिका दुकानात शिरला की पहिला प्रश्न, "यानं केवढा मासा निघेल?" दुकानदार हसतो आणि सगळ्यात महागडा रॉड पुढे करतो. विचारायचं ते असं: "यानं केवढं वजन फेकता येईल?" मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत सगळं छापलेलं असतं: लांबी, पॉवर म्हणजे ताठपणा, लाइन, आणि ल्यूरचं म्हणजे नकली आमिषाचं वजन. ल्यूरचं वजन औंसांत. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. चष्मा बरोबर ठेवा.

मस्कीचा ल्यूर साधारण २ औंसांपासून सुरू होतो. ८ औंसांचे सर्रास वापरतात, आणि 'पाऊंडर' नावाचा रबरी प्रकार १६ औंसांचा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचा असतो. ८ औंस म्हणजे पाव किलोला थोडं कमी. धारवाडी पेढ्यांचा पाव किलोचा डबा सकाळपासून अंधार पडेपर्यंत तळ्यात भिरकवायचा, ओढून आणायचा, पुन्हा भिरकवायचा. मासा दिवसाकाठी एकदा लागला तरी नशीब थोर. न लागण्याचीच शक्यता जास्त. झीज होते ती खांद्याची.

पटत नसेल तर आपल्याकडचाच दाखला घ्या. मस्कीचा विक्रम ६७ पौंड ८ औंसांचा, १९४९ सालचा, विस्कॉन्सिनच्या हेवर्डजवळचा. आणि १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकानं कावेरीच्या खोऱ्यात १२० पौंडांचा महाशीर काढला होता. मासा जवळजवळ दुप्पट! पण कावेरीकाठी गळाला नाचणीच्या पिठाचा गोळा लावून तो प्रवाहात सोडत आणि वाट बघत बसत. पाव किलोचं लाकूड दिवसभर फेकत राहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. रॉड फेकीवर ठरतो, माशावर नाही, तो यामुळे.

तिसरी सूचना, तिच्यावर वाद घालू नका: 'एक्स्ट्रा हेवी'च्या मोहात पडू नका. ९ फूट, 'हेवी', टोकाशी वाकणारा म्हणजे 'फास्ट', आणि ल्यूर ३ ते ८ औंस, एवढं लिहिलेला एकच रॉड घ्या. फार ताठ रॉड हलक्या ल्यूरनं वाकतच नाही, आणि रॉड वाकला नाही की सगळा जोर तुमच्या दंडाला लावावा लागतो. ग्रॅफाइटचा हलका असतो, पण होडीच्या काठावर आपटला की जातो. मूठ दोन्ही हातांत धरून बघा. खालचं टोक कोपराखाली दाबता आलं पाहिजे.

एवढा लांब कशाला? ल्यूर ओढत आणताना मस्की पुष्कळदा होडीपर्यंत नुसता मागे मागे येतो. तेव्हा ल्यूर उचलायचा नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसून आठचा आकडा काढायचा. इथे आपली माणसं चुकतात. देवनागरी ८ काढू नका, त्यात ल्यूर शेवटी बाहेरच जातो. इंग्रजी आठ काढा, दोन पोटांचा, मिटलेला, आणि वळणं मोठी ठेवा. आखूड रॉडनं वळण छोटं होतं, मासा वळत नाही, निघून जातो.

सराव मात्र इथेच करून जा. जावयाचा जुना रॉड घरी पडला असेल तर नेहरू मैदानावर पहाटे, क्रिकेटवाले यायच्या आत, गळ काढून टाकलेला ल्यूर फेका. "काळी नदीत टाकून बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका; दांडेलीकडचं जंगल व्याघ्रप्रकल्पाचं आहे, तिथे गळ टाकायला गेलात तर वनखात्याशी गाठ आहे. मैदानावर शेजारी हसतील. हसू द्या. गंगूबाई हनगल जिथे राहत होत्या त्या देशपांडे नगराला रियाज म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. मस्कीला तिकडे दहा हजार फेकींचा मासा म्हणतात.

फेकताना अंगठा रिळावर. ल्यूर सुटताना अंगठा हलका, पडताना घट्ट. अंगठा विसरलात तर रीळ ल्यूरपेक्षा जोरात फिरतं, दोरीचा गुंता होतो, आणि बारीक दोरी असेल तर ती तिथल्या तिथे तुटून ल्यूर एकटाच पुढे जातो. म्हणून विणलेली लाइन ८० पौंडांच्या खाली घेऊ नका. ती ताकद माशासाठी नाही, तुमच्या अंगठ्यासाठी आहे. आणि मिनेसोटात मस्कीचा हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो. परवाना त्याआधी काढून ठेवा.